ट्रेलर ओढून आय-८० ने वायोमिंग पार करणार असाल तर आधी पेलोड बघा

कालच परतलो. हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे आखडलेत, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

आम्ही चौघं, एक एसयूव्ही आणि मागे आत राहायची सोय असलेला २५ फुटी ट्रेलर. इलिनॉयहून कॅलिफोर्निया आणि परत, बहुतेक सगळं आय-८० या अमेरिका आडव्या पार करणाऱ्या महामार्गावरून. गाडीची टोइंग कॅपॅसिटी, म्हणजे गाडी ओढू शकते ते वजन, ७,००० पाउंडांच्या वर आणि ट्रेलरचं रिकामं वजन ५,००० च्या आसपास, म्हणून ट्रेलर विकणारा म्हणाला काही विचार करू नका, आरामात ओढेल. आम्ही विचार केला नाही. इथेच फसलो.

टोइंग कॅपॅसिटी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका असं त्यावर लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे पेलोड. आमचा १,४२० पाउंड. त्यात चौघांचे ५९०, हिचचे (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) ९०, डिकीतल्या सामानाचे २१०. उरले ५३०. आणि ट्रेलरचं नाक गाडीवर जेवढं टेकतं ते टंग वेटही यातूनच जातं हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. माहितीपत्रकात टंग वेट ५१० होतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. भरल्यावर गाडी मागून बसलेली दिसली तेव्हा त्याच विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे जड सामान ट्रेलरमध्ये मागे सरकवा, गाडी वर येईल. आली पण. सायकली मागच्या बंपरवर, डबाबंद खाणं मागच्या कपाटात, आणि पाण्याची ४० गॅलनची टाकी मुळात अ‍ॅक्सलच्या मागे, तीही काठोकाठ भरलेली. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे.

आयोवा, नेब्रास्का निवांत गेलं, सपाट रस्ता.

मग लॅरमी ते रॉलिन्स, साधारण १०० मैल. लॅरमीच्या आधी शर्मन समिट लागतं, ८,६४० फूट, आय-८० वरची सगळ्यात उंच जागा, आमची भीती त्या चढाची होती. तो मुकाट्याने पार झाला. खरा त्रास पुढे आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनपाशी. तिथे डोंगरांमधून वारा असा आडवा येतो की ट्रेलर म्हणजे त्याच्यासाठी शिडाची भिंतच. वेग फक्त ताशी ६० मैल, एक ट्रक ओलांडून गेला, त्याच क्षणी झोत आला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा, आरशात आधी एक बाजू दिसतेय मग दुसरी, मागे मुलं एकदम गप्प झालेली. बायको ओरडली ब्रेक मारू नको, आणि तिचंच बरोबर होतं. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने ट्रेलरच्या मागे धावायचं नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी ड्रायव्हरजवळची डबी) हाताने दाबायची पट्टी असते तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती पट्टी कुठे आहे हे निघायच्या आधी न बघता हाताला सापडलं पाहिजे. आर्लिंग्टनच्या एक्झिटला उतरलो आणि रात्र तिथेच काढली. पहाटे पाचला वारा पडला होता तेव्हा निघालो.

रॉलिन्सला ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, वजन केलं. ट्रेलर ६,२०० पाउंड, टंग वेट ५४०. म्हणजे नऊ टक्केसुद्धा नाही, हवं १० ते १५. नाक हलकं आणि शेपूट जड, मग झुलणार नाही तर काय. तिथेच पाणी सोडून दिलं (एका गॅलनला ८.३ पाउंड, हिशोब करा), डबे पुढे आणले, डिकीतलं बहुतेक सामान ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या वर आणलं. टंग वेट ७०० वर गेलं, साधारण साडेअकरा टक्के, आणि पेलोडही जेमतेम बसलं. त्यानंतर तोच ट्रेलर तीच गाडी, पण झुलणं संपलं. अख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात वसूल झालेले पैसे या काट्यावरचे. घराजवळच्या ट्रक स्टॉपवर पूर्ण भरलेला ट्रेलर नेऊन एकदा जोडून आणि एकदा सोडून गाडीचं वजन करा, दोन्हीतला फरक म्हणजे टंग वेट. जोडून करताना हिचचे स्प्रिंग बार (ट्रेलरच्या नाकाचं वजन पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या दांड्या) सोडलेले हवेत. २४ तासांत दुसरं वजन स्वस्तात होतं.

बाकी थोडक्यात. ट्रेलरच्या एसटी टायरवर (खास ट्रेलरसाठीचे टायर) वेगमर्यादा असते, बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलच. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, '२३१९' दिसलं तर २०१९ चा टायर, बदला. चाकं लावल्यावर पहिल्या ५० मैलांनी नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर ५५ च, बाकीचे कितीही वेगाने जाऊ देत.

वायोमिंगमध्ये शिरायच्या आधी ५११ ही रस्त्यांची ताजी स्थिती सांगणारी सेवा बघा. हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद असं दिसलं तर तुम्ही त्यातच येता, थांबा. परतताना आम्ही वॉल्कॉटला आय-८० सोडलं आणि मेडिसिन बो, रॉक रिव्हरवरून जुन्या यूएस ३० ने लॅरमीला आलो. साधारण २० मैल जास्त, दोनच लेन, पण ट्रेलर एकदाही हलला नाही. इंधनाची टाकी रॉलिन्सलाच भरून घ्या.