तुम्ही विचारलंत म्हणून: आमदारांचं पत्रक वाचतं कोण?

एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात बसून मी दर महिन्याला मतदारांसाठी चार पानी पत्रक काढतो. मतदारसंघ तापीकाठचा. आमदार कोण, पक्ष कुठला, ते सांगत नाही. सांगितलं की निम्मे लोक इथेच वाचायचं थांबतील आणि उरलेले नको तितकं कौतुक करतील. पण चहाच्या टपरीपासून सोयऱ्यांच्या लग्नापर्यंत जाईन तिथे एकच विचारणा होते: "भाऊ, आमदार मुंबईले जाईसन काय करतस, ते आमले काय कामनं?" शिकलेली मंडळी हेच जरा गोड करून विचारतात. लोकांना रस्ता हवा, पाणी हवं; तुमचं ते अधिवेशनाचं पुराण वाचतं कोण?

विचारणा रास्त आहे. आमच्याकडे आमदार दिसतो तो कुणी वारलं की द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांना भेटायला, सुतक सरल्यावरच्या गंधमुक्तीला आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांच्या मांडवात. "वडील गेले तेव्हा दारावर आले नव्हते" ही तक्रार मी पाण्याच्या तक्रारीइतकीच ऐकतो, आणि ती तीन-तीन निवडणुका टिकते. त्याला मी नावं ठेवत नाही. दुःखात माणूस दारी यावा असं वाटणं चूक नाही. पण आमदार निवडून दिला तो कायदे करायला आणि सरकारला जाब विचारायला, ही गोष्ट गुलाल धुतला की सगळेच विसरतात. कधी कधी खुद्द आमदारही.

अधिवेशनं वर्षाला तीन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. जळगाव रेल्वेने या दोन्ही शहरांच्या जवळजवळ मधोमध, त्यामुळे "साहेब, जाता जाता एवढी फाइल" म्हणणारे आम्हाला दोन्ही बाजूंच्या फलाटांवर गाठतात. विधानसभेत 288 आमदार, त्यात खान्देशाचे 20: जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4. एवढ्यांत बोलायला वेळ मिळवायचा तर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावं म्हणून विचारलेला), लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना अशी आयुधं असतात. तारांकित प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो, आणि प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले वरचे मोजकेच चर्चेला येतात. बाकीच्यांना लेखी उत्तर. "प्रश्न लागलाच नाही, म्हणजे वाया गेला," असं कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. सभागृहातलं भाषण टीव्हीवर दोन मिनिटं दिसतं. लेखी उत्तर कागदावर राहतं, आणि त्यावर मंत्र्याचं नाव असतं.

उत्तराचा साचा ठरलेला असतो. डावीकडे आमदाराचे प्रश्न: "(1) अमुक गावांतील शेतरस्ते नादुरुस्त आहेत, हे खरे आहे काय? (2) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उजवीकडे मंत्र्याचं उत्तर: "(1) हे अंशतः खरे आहे. (2) होय. (3) प्रश्न उद्भवत नाही." बस. मी पत्रकात हे जसंच्या तसं छापतो, एक शब्द न बदलता. परिशिष्टात गाववार तक्ता जोडलेला असेल तर तोही. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना ते आवडत नाही. त्यांचं म्हणणं, यातून साहेबांनी काय मिळवलं ते दिसत नाही.

तसाच एक शेतरस्त्यांचा तक्ता छापला होता. चार-पाच दिवसांनी एक केळीवाले आप्पा पत्रकाची घडी खिशातून काढत कार्यालयात आले. त्यांच्या शिवारातल्या रस्त्यापुढे "काम पूर्ण" लिहिलेलं. त्याला त्यांनी निळ्या पेनाने गोल केला होता. म्हणाले, "पूर्ण म्हणजे? कांदेबागाच्या हंगामातल्या केळीचे घड मजुरांनी डोक्यावर वाहून डांबरी रस्त्यापर्यंत आणले. व्यापारी गाडी आत घालायला तयार नाही, आणि भावात कापतो ते वेगळंच." त्यांनी फोनवर फोटो दाखवले. ट्रॅक्टर चिखलात अर्ध्या चाकापर्यंत बुडालेला. आम्ही ते फोटो आणि मंत्र्यांच्या उत्तराची प्रत जोडून खात्याला पत्र लिहिलं. खात्याचा कनिष्ठ अभियंता आठवडाभरात जागेवर आला, असा वेग मी तरी क्वचित पाहिलाय. कारण आता प्रश्न एका चिखलाचा उरला नव्हता. सभागृहाला दिलेली माहिती चुकीची ठरत होती. रस्त्यावर मुरूम पडला. खडीकरण अजून बाकी आहे, आणि पत्रकात त्याच्यापुढे मी दर महिन्याला "बाकी" असंच लिहितो.

म्हणून मला विचाराल तर आमदाराने लोकांना बातमी कमी आणि टप्पा जास्त सांगावा. "मंजूर" म्हटलं की लोक पेढे वाटतात. पण प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि शेवटी निधी, एवढं सगळं पार पडतं तेव्हा कुठे जेसीबी दिसतो. गाडी यातल्या नेमक्या कुठल्या स्टेशनात उभी आहे ते कळलं, तर माणूस योग्य त्या टेबलासमोर जाऊन उभा राहतो. नाहीतर आमदारांच्या अंगणात.

अमळनेर तालुक्यातला पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प घ्या. 1990 च्या दशकापासून खान्देश या धरणाची वाट पाहतोय. माणसं म्हातारी झाली, आंदोलनं झाली, प्रत्येक निवडणुकीत ते जाहीरनाम्यात आलं. डिसेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने त्याला सुमारे 4,890 कोटींची सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता दिली. बातमी आली तशी लोकांनी समजूत करून घेतली की एवढे पैसे आले. सुप्रमा म्हणजे एवढा खर्च करायला सरकारची मान्यता, एवढंच. पैसा येतो तो दर मार्चमध्ये बजेटात जी तरतूद पडेल तेवढा. ती तरतूद किती पडली हे पाहणं, कमी पडली तर पुरवणी मागण्यांच्या वेळी, म्हणजे सरकार बजेटाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागतं तेव्हा, उठून बोलणं, हे आमदाराचं काम. आणि ते आकडे गावापर्यंत आणणं माझं.

कायद्यांचंही तसंच. तुकडेबंदीचा कायदा, म्हणजे ठरावीक आकारापेक्षा लहान जमिनीचे तुकडे पाडून विकायला बंदी घालणारा, 1947 चा. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी सभागृहात तो शिथिल करण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेतलेल्यांची रीघ लागली: "भाऊ, आता खरेदीखत होईल ना?" वर्तमानपत्रात मथळा होता, पण अंमलाचा कागद निघायचा होता, अध्यादेश काही महिन्यांनी आला. मधल्या काळात एजंट लोकांकडून "आजच करून देतो" म्हणत पैसे घेत होते. त्या महिन्याच्या पत्रकात आम्ही पहिल्या पानावर ठळक छापलं, कार्यपद्धती येईपर्यंत कुणाला पैसे देऊ नका. किती जणांचे वाचले ते मोजायला माझ्याकडे माप नाही, पण एजंटांपैकी दोघांनी मला रस्त्यात नमस्कार करायचं सोडलंय.

आमदार निधीबद्दल थोडक्यात. 2022 पासून तो वर्षाला 5 कोटी आहे. आमदार काम सुचवतो. मान्यता आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. शंभरावर गावांत वाटायला बसलं की सभामंडप, गटारी आणि पेव्हर ब्लॉकमध्ये तो कसा संपतो ते कळतं. आम्ही गाववार यादी देतो, ज्यांना काही मिळालं नाही त्या गावांसह. त्यावरून साहेबांची आणि माझी एकदा चांगलीच जुंपली होती. "न मिळालेल्यांची यादी छापून तू विरोधकांचं भाषण लिहितोस," असं ते म्हणाले. शेवटी तडजोड अशी झाली, की यादी राहील, आणि पहिल्या पानावर त्यांचा फोटो थोडा मोठा येईल. फोटो मोठा झालाय, तुम्ही पाहिला असेल. एकाच रस्त्याचं दोन पक्षांनी दोनदा भूमिपूजन करायच्या काळात हा सौदा मला स्वस्तात पडला.

वाचतं कोण म्हणाल, तर वाचणारे थोडेच. दूध डेअरीत चिकटवलेलं पत्रक एक जण मोठ्याने वाचतो आणि दहा जण ऐकतात. म्हाताऱ्या आयाबायांसाठी आमच्या कार्यालयातली एक ताई तेच अहिराणीत बोलून व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि खरं सांगायचं तर तिच्या आवाजाला माझ्या चार पानांपेक्षा जास्त श्रोते आहेत.

आणि हो, "माझ्या कामाचं काय झालं" म्हणून मेसेज टाकताना गाव, गट नंबर आणि पूर्वीच्या अर्जाची पोच एवढं जोडत जा. नुसतं "साहेब, लक्ष असू द्या" लिहिलं तर ते कुठल्या टेबलावर न्यायचं, हे आम्हालाही कळत नाही.