बोरिवलीत घोडी कुठे बांधायची?

जुन्नरहून घोड्यावरून मुंबईला यायचं ठरलं तेव्हा धास्ती घाटाची होती. नाणेघाटाच्या दगडी पायऱ्यांवर नाल घसरणार, म्हणून माळशेजचा डांबरी रस्ता धरला. घाट मजेत उतरला. छळलं ते आतेभावाच्या सोसायटीने.

पण आधी मुरबाडकडचं सांगतो. मित्राच्या दोन भीमथडी घोड्या, बुटक्या पण चिवट. टोकावड्याजवळ संध्याकाळी एका अंगणापाशी थांबलो. नाव-गाव विचारायच्या आधीच आजी म्हणाल्या, "पहिलं जनावराला पानी दावा, मंग तुमचं बघू." सुनेने पिंप पुढे सरकवलं आणि दोन्ही घोड्यांनी ते तळापर्यंत नेलं. ते पाणी विहिरीवरून डोक्यावर आणलेलं होतं, हे सकाळी कळलं. ज्वारीचा कडबा राहिला घाटावर. इथे शेजारपाजारच्या घरांतून भाताचा पेंढा गोळा झाला. आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकट. निघताना पैसे पुढे केले, तर आजींनी ते बाजूला सारून तोबऱ्यात हरभरे ओतले.

कल्याण, भिवंडी: धूळ आणि हॉर्न. घोडबंदरला पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोडे उतरायचे म्हणतात. आता तिथे घोडी दिसली की रिक्षावाले सेल्फी मागतात.

बोरिवलीत सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत एक रात्र, एवढंच मागणं होतं. सेक्रेटरींनी गेटवरच अडवलं. "घोड्यांना कोर्टाची बंदी आहे." उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या त्या हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या. झाडाला बांधलेल्या घोडीचा त्याच्याशी काय संबंध? मग लिदीचा मुद्दा निघाला, मग डासांचा, मग एनओसीचा. आतेभाऊ बिचारा फोनमध्ये डोकं घालून उभा. ज्या पार्किंगमध्ये गणपतीत दहा दिवस मांडव चालतो, तिथे एक रात्र जनावर चालत नाही. माझा अजून संताप होतो.

शेवटी मित्राने ओळख काढली आणि आम्ही आरेत पोहोचलो. शहरातल्या म्हशी हलवायला १९४९ साली वसवलेली ही कॉलनी. तबेले आजही चालू आहेत. तबेल्याचे मालक जौनपूरचे. त्यांनी दोन म्हशी सरकवून जागा केली आणि प्रेमाने सरकी पेंडीचं घमेलं आणलं. मित्राने हात जोडले. घोड्याला उलटी होत नाही. म्हशीचं खाणं पोटात गेलं की कळ येऊन जनावर दगावूही शकतं. चाचा क्षणभर हिरमुसले, मग स्वतःच हिरवा चारा कापून घेऊन आले. खोगीर उतरवल्यावर तंगाने, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याने, घासलेली जागा त्यांनीच दाखवली आणि हळद-तेल लावलं. आम्ही एवढ्या दिवसांत ती पाहिली नव्हती.

रात्री बिबट्या फिरतो म्हणून दिवे चालू ठेवले आणि स्वतः खाट टाकून दाराशी बसले. आम्ही जागतो म्हटलं, तर म्हणाले, "मेहमान सोते हैं." पहाटे दूध काढायची वेळ होईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.

परतीला घोड्या टेम्पोने गेल्या. मी गोरेगावहून लोकल पकडली. अंगाला घोड्याचा, म्हशीचा आणि हळद-तेलाचा असा एकत्रित वास, त्यामुळे ऐन सकाळच्या गर्दीत चर्नी रोडपर्यंत ऐसपैस खिडकी मिळाली.