पासाऊ ते बुडापेस्ट, डॅन्यूबच्या काठाने एकट्याने सायकलवर: माझा अनुभव

डॅन्यूबच्या काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत आणि त्यांचे आकडे नदीच्या मुखापासून मोजलेले, म्हणजे खाली जाऊ तसे कमी होणारे. पासाऊला २२२६, व्हिएन्नाला १९२९, बुडापेस्टला १६४७. नदीने हे अंतर ५७९ किलोमीटर भरतं. सायकलची वाट गावांत शिरते, काठ बदलते, म्हणून ६५० च्या आसपास धरावं. मी दहा दिवस सायकलचे आणि एक दिवस व्हिएन्नात विश्रांतीचा ठेवला. पश्चिमेकडून पूर्वेकडेच जावं, आणि ते वाऱ्यासाठी. वारा बहुतेक दिवस पाठीशी राहतो. उताराचा फायदा फारसा नाही: पासाऊ सुमारे ३०० मीटर उंचीवर, बुडापेस्ट १०० च्या आसपास, एवढ्या अंतरात तो फरक पायांना कळत नाही.

व्हिसासाठी रात्री मोजाव्या लागल्या. जर्मनीत २, ऑस्ट्रियात ६, स्लोव्हाकियात १, हंगेरीत ५. सर्वाधिक मुक्काम ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. बुडापेस्टची एक रात्र वाढली असती तर दोन्ही देश सारखे झाले असते, आणि मग जिथून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) शिरणार त्या जर्मनीकडे अर्ज करावा लागला असता. म्हणून आधी मुक्कामांचा तक्ता, मग अर्ज. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॉलिसीत सायकलवरचा अपघात धरला आहे का, ते शब्द शोधून वाचा. रोज वेगळ्या गावात एकच रात्र का, हे सोबतच्या पत्रात तारीखवार लिहिलं. सगळी बुकिंग रद्द करता येतील अशीच घेतली.

सायकल खोक्यात भरणं हा सगळ्यात नाजूक टप्पा. दुकानातून नव्या सायकलचं पुठ्ठ्याचं खोकं आणलं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते नेहमीच्या दिशेने फिरवलं की आणखी घट्ट बसतं. खोक्यात सर्वात जास्त वाकतो तो मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, कारण तो बाहेर आलेला असतो आणि मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. डिरेल्युअर काढून फ्रेमच्या आत बांधा आणि त्याच मापाचा एक हँगर सोबत ठेवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तो वाटेतल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये अडसर घाला. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. खाऊच्या पिशवीत चिवडा चालतो, तूप नको: युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत.

सामान १२ किलोंच्या आत बसवलं. तंबू नाही. सामान सगळं मागच्या कॅरिअरवर, आणि इथेच मागच्या चाकाचं दुखणं सुरू होतं. तार (स्पोक) तुटते ती बहुधा मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूची, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. ती बदलायला कॅसेट काढावी लागते, आणि त्याचं हत्यार आपल्याकडे नसतं. माझी तार लिंझच्या पुढे तुटली. शेजारच्या दोन तारा निपल-चावीने (तारांचा ताण बदलायच्या चावीने) थोड्या सैल करून चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, इतका काढला की टायर फ्रेमला घासणार नाही, आणि पुढच्या गावापर्यंत हळू गेलो. निघण्याआधी जाणकाराकडून सगळ्या तारांचा ताण सारखा करून घेतला तर हे बहुतेक वेळा टळतं. पंक्चर ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडे झालं, तर काटा शोधत बसू नका: रिम टेप (रिमच्या आत तारांची टोकं झाकणारी पट्टी) सरकलेली असते. टायर ३८ मिमीचे पुरले. सोबत दोन ट्यूब, चेनची क्विक लिंक, ब्रेक पॅडचा एक जोड आणि मापाच्या चार तारा.

पासाऊहून डाव्या काठाने गेलं तर श्लोगेनच्या वळणावर वाट तुटते आणि फेरीबोट घ्यावी लागते. मेल्क ते क्रेम्स, म्हणजे वाखाउ, इथे घाई करू नये. सुंदर गावं डाव्या काठावर, निवांत वाट उजव्या काठावर, म्हणून स्पिट्झची फेरी उपयोगी. ती मोटारीशिवाय, तारेला बांधून नदीच्या प्रवाहानेच पलीकडे जाते. पाणी चढलं की बंद, मग पुढचा पूल गाठावा लागतो. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारीच दोन वेळचं घ्या.

व्हिएन्नानंतर हाइनबुर्गच्या पुलापर्यंत पूररोधक बांध लागतो. सरळ, सावली तुरळक. दोन लिटर पाणी घेऊनच निघा. स्लोव्हाकियात वस्तीबाहेर हेल्मेट सक्तीचं, हंगेरीत वस्तीबाहेर अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. ब्रातिस्लाव्हापर्यंत युरो, पुढे हंगेरीचं चलन फोरिंट.

हंगेरीत मात्र वाटेचा दर्जा घसरतो. ज्यॉर ते कोमारोम बराच भाग गाड्यांच्या रस्त्याने जातो, म्हणून सकाळी लवकर. एस्तेरगोमनंतर उजव्या काठाचा ११ नंबरचा रस्ता वर्दळीचा आहे. मी फेरीने सोबला उतरून डाव्या काठाने वाट्समार्गे बुडापेस्ट गाठलं.

परतीच्या खोक्यासाठी बुडापेस्टच्या सायकल दुकानाला दोन दिवस आधी कळवलं. पॅडमधली पट्टी आणि फोर्कचा अडसर मात्र पहिल्या खोक्यातले काढून पॅनियरच्या (कॅरिअरला लावायच्या पिशवीच्या) तळाशी ठेवले होते. मिळालेलं खोकं रिकामंच होतं.