मत विचारू नये असा खेळ

सिनेमा बघून आलेल्या माणसाला "कसा होता?" एवढं विचारलं की पुरे होतं. गोष्ट, गाणी, थिएटरातला एसी, मध्यंतरातला समोसा, सगळं आपोआप बाहेर येतं. 'आउटर वाइल्ड्स' नावाचा व्हिडिओ गेम पूर्ण केलेल्या माणसाला मात्र हाच प्रश्न विचारून बघा. तो आधी गप्प बसतो. मग सावधपणे विचारतो, "तुम्ही खेळलाय?" नाही म्हटलं की त्याच्या डोळ्यांत चक्क हेवा दिसतो. आणि मग ठरलेलं मत येतं: काही वाचू नका, कुठला व्हिडिओ बघू नका, सरळ खेळायला घ्या.

चांगला का आहे, ते सांगता येत नाही. कशाबद्दल आहे, तेही सांगता येत नाही. माझ्या भाचीने तर माझ्या कॉम्प्युटरवर खेळ चढवून दिला आणि वर दम भरला, "मावशी, अडलं तरी गूगल करायचं नाही. मला फोन कर. मी सांगणार नाही, पण फोन कर."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झालेल्या बाईने सुडोकू सोडवावं, फार तर बागकाम करावं, अशी घरच्यांची अपेक्षा. अंतराळयान उडवावं अशी कोणाचीच नव्हती. त्यातून हा प्रकार डोळ्यांसमोरून दिसणारा, म्हणजे पडद्यावर आपलं पात्र दिसत नाही, त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. दरीच्या कडेला पाय गेला की इथे खुर्चीत पोटात गोळा येतो.

जेवढं सांगायला हरकत नाही तेवढं सांगते. आपण एका चार डोळ्यांच्या, निळसर कातडीच्या जमातीतले आहोत. पाइनच्या झाडांमधलं छोटं गाव, शेकोट्या, आणि लाकडाच्या फळ्या व पत्रे ठोकून उभं केलेलं अंतराळयान. पहिलं उड्डाण आज आहे. आपण निघतो, इकडेतिकडे हिंडतो, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळी ग्रहमाला खलास होते. डोळे उघडतात ते पुन्हा त्याच शेकोटीपाशी. परत २२ मिनिटं. इतपत सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे भाची रागावणार नाही.

बंदूक नाही, पॉइंट नाहीत, वरची पातळी नाही, विकत घ्यायला काही नाही. आधीच्या फेरीतून पुढच्या फेरीत नेता येतं ते फक्त आपल्याला कळलेलं. यानात एक नोंदवही असते, ती तेवढी पुसली जात नाही. ज्याला सगळं माहीत आहे तो एकाच फेरीत, २२ मिनिटांच्या आत, शेवट गाठू शकतो. बाकीच्यांना जे कित्येक तास लागतात ते हे 'माहीत' होण्यासाठी. म्हणूनच चाहत्यांची वाचा बसते. दुसऱ्या एखाद्या खेळात मी तुम्हाला खजिन्याची जागा सांगितली तरी वाटेतला राक्षस तुमचा तुम्हालाच मारावा लागतो. इथे राक्षस नाहीच. सांगितलं की संपलं.

हा खेळ म्हणजे मुळात एका विद्यार्थ्याचा प्रबंध. ॲलेक्स बीचमने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना तो सुरू केला. अर्धवट अवस्थेतच त्याला २०१५ मध्ये स्वतंत्र गेम्सच्या महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढे 'हीरोज' या अमेरिकी टीव्ही मालिकेतला नट मासी ओका याने काढलेल्या मोबियस डिजिटल या छोट्या कंपनीने तो पुरा केला आणि २०१९ मध्ये बाजारात आणला. प्रकाशक संस्थेचं नाव अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. २०२० मध्ये त्याला सर्वोत्तम खेळासकट तीन बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार, मिळाले. त्याच २०१९ मध्ये 'आउटर वर्ल्ड्स' नावाचा दुसराच, बंदुकांचा खेळ आला, आणि या दोन नावांत जगभर जो घोळ झाला तो अजून निस्तरलेला नाही.

एवढी बक्षिसं, एवढं कौतुक, आणि चाहत्यांना विचारावं तर "खेळा म्हणजे कळेल". त्यामुळे मी एक उद्योग केला. ज्यांनी हा खेळ मध्येच सोडला त्यांची मतं ऐकू लागले. भाचीच्या मित्रमंडळींत असे पुष्कळ निघाले, बाहेरही खूप आहेत. आणि काय सांगू, ही माणसं भडाभडा बोलतात. खेळ कसा आहे हे खरं कळायचं असेल तर सोडलेल्यालाच विचारावं, असं माझं पक्कं मत झालंय.

त्यांची पहिली तक्रार: काय करायचं तेच कळत नाही. शंभर टक्के खरं. गावातल्या वेधशाळेत हॉर्नफेल्स नावाचा प्रमुख आपल्याला यानाचा संकेतांक देतो, आणि कुठे जायचं विचारलं तर हवं तिकडे जा म्हणतो. बाण नाही, नकाशावर पेटलेला ठिपका नाही. आमच्याकडे बारावीची मुलं प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभी राहून विचारायची, "मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?" तोच चेहरा ही तक्रार करणाऱ्यांचा असतो. मी त्यांना हसत नाही. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाला रात्री कोणीतरी 'इथे जा, हे कर' सांगावं असं वाटलं तर त्यात काय चूक?

दुसरी तक्रार यानाची. सुकाणू हातात राहत नाही, थांबता थांबत नाही, उतरताना दरवेळी आपटतं. इथे मात्र मी खेळाच्या बाजूने. न्यूटनचा पहिला नियम आयुष्यभर फळ्यावर लिहिला, पण ब्रेक नावाची गोष्टच नसलेल्या ठिकाणी आपण सुसाट चाललोय आणि वेग मारायला उलट्या दिशेने तितकाच जोर लावावा लागणार आहे, हे अंगाला कळलं ते या खेळात. ऑटोपायलट आहे, पण तो सरळ रेषेत नेतो. वाटेत सूर्य आला तर सूर्यातून नेतो. हा अनुभव एकदा घेतला नाही असा खेळाडू मला अजून भेटलेला नाही. चाहते तो हसत सांगतात, सोडणारे चिडून सांगतात. गोष्ट एकच.

तिसरी तक्रार, तेच तेच परत करावं लागतं. उठा, यानात चढा, सूट घाला, उडा, पोचा, मरा. यात तथ्य आहे आणि चाहते ते मान्य करत नाहीत. तिथे दोन जुळे ग्रह आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. एकावरची वाळू प्रचंड धारेने दुसऱ्यावर ओतत असते. एकाच्या गुहा भरत जातात, दुसऱ्याचं गाडलं गेलेलं उघडं पडत जातं. कल्पना अफाट. पण हव्या त्या गुहेपर्यंत पोचावं तर वाळू छतापर्यंत आलेली, आपण चिरडून मेलेलो, आणि परत शेकोटी. दोनदा मजा येते. नंतर मी कॉम्प्युटर बंद करून भाजी निवडायला बसायची.

विज्ञानाची गोडी असलेल्यांच्या वेगळ्याच कुरबुरी. ग्रह काही शे मीटर रुंदीचे, त्यांना एवढं गुरुत्वाकर्षण कुठून आलं? सूर्य असा फुटेल का? आपला तर नाहीच फुटणार, त्याला सूर्याच्या निदान ८ पट वस्तुमान लागतं. तिथे एक क्वांटम चंद्र आहे, आपण बघतोय तोवर जागेवर राहतो आणि नजर हटली की दुसऱ्याच ग्रहाभोवती जाऊन बसतो. क्वांटम भौतिकीतलं 'निरीक्षण' म्हणजे डोळे वटारून बघणं नव्हे, हे मी वर्गात कंठशोष करून सांगितलेलं. तरीही त्या चंद्रावर उतरायचा प्रयत्न करताना मी पापणी मिटायला घाबरत होते, हेही खरंच.

पण एक तक्रार मला अजिबात पटत नाही: वाचायला फार आहे म्हणे. या ग्रहमालेत फार पूर्वी नोमाई नावाचे तीन डोळ्यांचे लोक राहून गेले. त्यांनी भिंतींवर लिहून ठेवलंय, ओळीत नाही, वेटोळ्यात. एकाने वेटोळं काढायचं, दुसऱ्याने त्याला फांदी फोडून उत्तर द्यायचं, तिसऱ्याने त्या उत्तराला. शास्त्रज्ञांचीच वस्ती ती, पण लिहिणं कोरडं नाही. कोणी मित्राची फिरकी घेतो, कोणी दुसऱ्याचं गणित तपासून शंका काढतो, कोणी आपण करतोय ते योग्य आहे का असं विचारतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही हे आवाज ओळखीचे वाटतील. एका गुहेत तर लहान मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहून ठेवलेत. वाचता वाचता लक्षात आलं, अरे, ही तर आंधळी कोशिंबीर! ज्याच्यावर राज्य त्याच्या डोळ्यांवर पट्टी, बाकीच्यांनी त्याला चुकवून निसटायचं. गंमत म्हणून वाचून पुढे जावं अशी ती भिंत. पण ज्याने ती नीट वाचली त्याचा जीव पुढे एका ठिकाणी वाचतो. कुठे आणि कसा, ते नाही सांगणार. बघा, मीही तशीच बोलायला लागले.

भीतीची तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. हिरव्या समुद्राने वेढलेला एक अजस्र ग्रह आहे, त्याच्यावर सतत वावटळी घोंगावतात, त्या अख्खी बेटं उचलून वातावरणाबाहेर भिरकावतात आणि ती परत पाण्यात आदळतात. ज्यांना खोल पाण्याची धास्ती आहे त्यांनी तिथेच खेळ सोडलेला असतो. अशा एका बेटावर गॅब्रो नावाचा प्रवासी झोपाळ्यात पडून बासरी वाजवत असतो. बेट आभाळात गेलं काय, खाली आलं काय, त्याला सोयरसुतक नाही. या जमातीत सगळ्यांची नावं दगडांवरून किंवा तशाच भूगर्भातल्या गोष्टींवरून ठेवलेली. गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचा सख्खा भाऊ, घटक तेच, फक्त वर न येता जमिनीच्या पोटात अगदी सावकाश थंड झालेला. नाव ठेवणाऱ्याने खडक ओळखून ठेवलंय.

काहींना मात्र मतच देता येत नाही. पडदा गरगरला की मळमळतं, दहा मिनिटांत उलटी येईल असं होतं, विषय संपला. माझ्या एका मैत्रिणीचं असं झालं. ती म्हणाली, "तू खेळ, मी बघते," आणि बघतानाही तिने शेवटी आल्याची वडी मागितली.

आता चाहत्यांकडे परत येते, कारण त्यांचं एक वागणं मोठं मजेशीर आहे. हा खेळ आपल्याला विसरता यावा आणि पुन्हा पहिल्यापासून खेळता यावा, हे त्यांचं सर्वात आवडतं मत. ते काही जमत नाही. मग ते दुसऱ्याला खेळायला लावतात आणि शेजारी बसतात. मिसळ खायला घेऊन जाणारा मित्र स्वतःची प्लेट गार होऊ देतो पण आपल्या पहिल्या घासाकडे टक लावून बघतो ना, तसं. अनोळखी लोकांचे खेळतानाचे तासन्‌तासांचे व्हिडिओसुद्धा ही मंडळी बघतात, फक्त त्या एका क्षणी समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघायला. दिवाळीत भाची माझ्याकडे आली तेव्हा तेच. मी चुकीच्या दिशेने चाललेय हे तिला दिसत होतं, आणि ती ओठ मिटून, डोळे मोठे करून, चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसली होती. मी वळून विचारलं, "इकडे काही आहे का गं?" तर म्हणे, "काय माहीत." वर्गात कॉपी पुरवणारी पुष्कळ पाहिली; न पुरवणारी पोरगी आमच्याच घरात निघाली.

हा खेळ एकदाच खेळता येतो, हे त्यांचं मत मात्र मला कबूल नाही. कोडी एकदाच सुटतात, ते ठीक. पण आपल्याकडे आवाज टिपणारी एक दुर्बीण असते. ती आकाशात रोखली की लांब लांबच्या ग्रहांवर बसलेले प्रवासी वाजवत असतात ते ऐकू येतं: कुठे बॅन्जो, कुठे ढोल, कुठे शीळ, ती बासरी, आणि कुठून तरी एक हार्मोनिका. सगळे एकाच धुनेचे तुकडे वाजवतात. दूर जाऊन दुर्बीण योग्य रोखली तर ते तुकडे एकत्र येतात. अँड्रू प्राहलोचं हे संगीत आहे. सगळं उलगडल्यावरही मी अधूनमधून यान काढते, कडेला जाऊन ते ऐकते आणि सूर्य फुटायच्या आत बंद करून झोपायला जाते. भाचीच्या मते याला खेळणं म्हणत नाहीत. नसतील म्हणत.

२०२१ मध्ये या खेळाचा एक जोडभाग आला, 'एकोज ऑफ द आय'. त्याच्याबद्दल मात्र चाहत्यांतही उघड दोन तट आहेत, आणि कधी नव्हे ते सगळे मोकळेपणाने भांडतात. एकांना तो मूळ खेळाहून सरस वाटतो. दुसऱ्यांना त्यातला काळोख नको होतो. शांतपणे शोध घ्यायला आलो होतो, घाबरायला नाही, असं त्यांचं म्हणणं. करणाऱ्यांनी हे आधीच ओळखून सेटिंग्जमध्ये भीती कमी करायचा पर्याय ठेवलाय. तो लावला तर निम्मी मजा जाते, असं भाचीचं ठाम मत. मी लगेच लावला. निम्मी गेली तरी चालेल, पण रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात मला एकटीनेच जायचं असतं.