तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयरोगतज्ज्ञाने संशोधन कधी करावे?

एमबीबीएसची मुले मला नेहमी विचारतात की, हृदयरोगतज्ज्ञ होऊन संशोधनही करायचे असेल तर आधी काय करावे, आणि विदर्भातल्या खेड्यात राहून ते जमते का. जमते. गडचिरोलीच्या खेड्यांतील नवजात बालकांवर बंग दांपत्याने केलेला अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला, तो काही मोठ्या शहराच्या आधाराने झाला नव्हता. मात्र आधी रुग्ण तपासायला शिकावे, कारण विचारण्याजोगा प्रश्न तिथेच हाती लागतो.

वाट लांब आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमडी मेडिसिन, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षे डीएम कार्डिओलॉजी. बॉण्डचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचा काळ वाया गेला असे मात्र कोणी समजू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुण बाई धाप लागते म्हणून येते, आणि रक्त कमी असेल किंवा दमा असेल असे समजून तिला गोळ्या दिल्या जातात. तिला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटा छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी अलगद टेकवली, तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, आकसलेल्या मायट्रल झडपेची खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा आला, त्यातून संधिवाताचा ताप झाला आणि झडप खराब झाली, हे निदान मग इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर पक्के होते. पुढे अनेक वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि कापसाची वेचणी सुरू झाली की ते चुकते. याला अडाणीपणा म्हणणे मला मान्य नाही. मजुरी बुडते, कधी औषध संपलेले असते, कधी रिअ‍ॅक्शनच्या भीतीने इंजेक्शन द्यायलाच कोणी तयार नसते. यांतले कोणते कारण किती जणांना अडवते, हे नैतिकता समितीची परवानगी घेऊन प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न विचारून मोजले की संशोधन सुरू झाले.

मोजणे का हवे, याचे उदाहरण याच आजारातले आहे. झडप आकसलेल्या रुग्णाचे ठोके अनियमित झाले की हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिनसारखे औषध द्यावे लागते आणि त्यासाठी पुन्हापुन्हा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, तपासावे लागते. खेड्यातल्या माणसाला त्या तपासणीसाठी एसटीने तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. तपासणी न लागणारी नवी औषधे आली, तेव्हा ती आपल्याच रुग्णांसाठी आहेत असे कोणालाही वाटले असते. परंतु २४ देशांतील सुमारे साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने २०२२ साली दाखवले की, संधिवाताच्या तापातून झालेल्या अशा हृदयविकारात रिव्हारोक्साबॅन या नव्या औषधापेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या औषधावर मृत्यू कमी होतात आणि रक्तस्रावही लक्षणीय वाढत नाही. तेव्हा आता आपल्यापुढचा प्रश्न असा आहे की, बोटाच्या थेंबावर होणारी आयएनआर तपासणी गावाजवळ आणली तर रक्ताचा पातळपणा किती जणांत योग्य राहील. हा प्रश्न सोडवायला हृदयात नळी घालून तपासणारी कॅथ लॅब लागत नाही. चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे लागतात.

एमडीचा प्रबंध सगळ्यांनाच लिहावा लागतो, तो उरकून टाकू नये. वर्षभरानंतरही पुन्हा भेटू शकतील अशा रुग्णांचा विषय निवडावा, आणि संख्याशास्त्राच्या जाणकाराला नोंदी गोळा झाल्यावर नव्हे, तर नोंदवही आखण्यापूर्वी भेटावे.