भातसानगरहून पाड्यापर्यंत

ठाण्याहून कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलो, शहापूरमार्गे भातसानगर गाठलं. एप्रिलमध्ये हे डोंगर पार करपलेले असतात, त्यामुळे भातसा नदीवरचं धरण समोर आलं की डोळे दिपतात. ८८ मीटर उंचीची भिंत आणि मागे ऐन उन्हाळ्यात नजर जाईल तिथवर पाणी.

मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं इथून जातं. धरणातून नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात. ठाणे महापालिकेची स्वतःची योजनाही याच नदीवर आहे. आम्हा ठाणेकरांची तहानही भातसाच भागवते. तानसा तलाव तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय, तोही याच शहापूर तालुक्यातून.

तिथून खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावर गेलो. टँकर नुकताच आला होता. त्याचा पाइप थेट विहिरीत सोडला होता, धार पडताच तळाचा गाळ ढवळून वर आला. तो खाली बसायची वाट कोण बघणार? बायकांनी काठाभोवती गर्दी केली, दोरीला बांधलेल्या कळश्या खाली गेल्या. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं, त्यातून गाळलेलं पाणीही तांबूसच. काठाच्या दगडात दोरांनी बोटभर खाचा पाडल्यात.

"पावसात हितं छत्री टिकत नाय दादा, आन् होळी झाली का विहीर खडखडीत," एक मावशी म्हणाल्या. मग विचारलं, "ठाण्याला पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी," एवढंच म्हणालो.

पाडे उंचावर, जलाशय खाली. शहराकडचं पाणी पिसेपर्यंत नदीतून उताराने जातं. पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, बिल भरणारं कुणी हवं. म्हणूनच घाटमाथ्यावरच्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणायच्या योजनेकडे इथली माणसं वर्षानुवर्षं डोळे लावून बसलीत.

भातसाच्या कालव्याखालच्या भागात चित्र वेगळं, पण घोर तोच. भेंडीच्या मळ्यात एक काका भेटले. "पाण्याची पाळी वेळेवर आली तर भेंडी, नाहीतर पोरं वीटभट्टीवर." राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली, पण ती कागदावर. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला हा क्रम कधी दिसतो?

आता शहरांना मुरबाडमधलं काळू धरण हवंय, वाड्यातलं गारगाई धरण हवंय. काळूला तिथले आदिवासी वर्षानुवर्षं विरोध करतायत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. आहे त्या धरणांभोवतीच्या पाड्यांचा वाटा आधी बाजूला काढा, पाणी वर चढवायचं वीजबिल आम्हा शहरवाल्यांच्या पाणीपट्टीत घाला. माझ्या बिलात वाढ झाली तरी मी भरेन.