तुम्ही विचारलंत म्हणून: काकांना ग्रुपमधून काढत का नाही?

जिन्यात भेटलेला माणूस आधी वर-खाली बघतो, मग आवाज बारीक करून विचारतो, "ताई, त्या काकांना काढून का टाकत नाही हो तुम्ही?" परवा एका बारशालाही हेच, तेही बाळ माझ्या मांडीवर असताना. म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीची सेक्रेटरी. फ्लॅट ८४, व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं मात्र १३०, कारण काही घरांतून नवरा, बायको आणि अमेरिकेतला मुलगाही. काका म्हणजे कोण, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पहाटे पावणेसहाला गुलाबाचं फूल, दहाला कमिटीवर आरोप, दुपारी कुठल्यातरी काढ्याचा फॉरवर्ड, रात्री पार्किंग. कोणी हटकलं की, "मेंटेनन्स मीही भरतो."

काढणं अगदी सोपं आहे. नावावर बोट दाबून धरायचं की झालं. पण काका ग्रुपमधून जातील, तिसऱ्या मजल्यावरून नाही जाणार. हे शहाणपण मला उशिरा आलं. मागे निवडणुकीच्या धामधुमीत एका तरुण मुलाला मी सगळ्यांदेखत काढलं होतं. वर शिस्तीवर चार ओळींचं भाषणही ठोकलं. संध्याकाळपर्यंत त्याने दुसरा ग्रुप काढला आणि गंमत बघायला निम्मी इमारत तिकडे गेली. पुढचे सहा महिने कुठली सूचना कुठे टाकली याचा पत्ता कोणालाच नसायचा. टाकी धुवायच्या दिवशी बी विंगमधल्या आजी अंगाला साबण लावून नळाखाली बसल्या होत्या. नळ कोरडा. त्या अजून मला ऐकवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

तेव्हापासून मी भांडणाऱ्याकडे कमी बघते, गप्प होणाऱ्यांकडे जास्त. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कोणी ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त ॲडमिनला येते, बाकीच्यांना नाही. म्हणजे कोण कंटाळून उठून गेलं, ते मलाच आधी दिसतं. टँकरच्या भांडणाच्या रात्री तिघीजणी गेल्या.

ती रात्र सांगायलाच हवी. एप्रिल, पाणीकपात, रोज टँकर. रात्री अकराला काकांनी लिहिलं, "टँकरच्या पैशात कोण हात मारतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे." पाऊण तासात १४० मेसेज! दुसऱ्या दिवशी मी ते चक्क मोजले. त्यात काकांचे नऊ. बाकी १३१ आपलेच, सभ्य माणसांचे: टोमणे, हसरे चेहरे, "दुर्लक्ष करा" असं सांगणारे सोळा. दुर्लक्ष करा म्हणून सोळा वेळा लिहिणं याला दुर्लक्ष म्हणत नाहीत. शेवटी मी 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबलं आणि लिहिलं, "सकाळी नऊला उघडते. झोपा आता."

सकाळी वर गेले. काकूंनी दार उघडलं, न विचारता चहा टाकला. काकांनी शंभर पानी वही पुढे सरकवली. तारीख, टँकर किती वाजता आला, रिकामा व्हायला किती मिनिटं लागली, सगळं निळ्या पेनाने, पट्टी लावून आखलेलं. दहा हजार लिटरचा टँकर आमच्या टाकीत उतरायला वीसेक मिनिटं लागतात. दोन दिवशी बारा मिनिटांत आटोपला होता. पावतीवर सही वॉचमनची.

"काका, ही वही मला दाखवायची सोडून पैशात हात मारतात असं लिहायचं?"

"दाखवायला बोलावलंय का कोणी? जानेवारीत लेखी तक्रार दिलीये मी. तुझ्याच फायलीत असेल."

होती. पोच दिली होती मी, उत्तर दिलं नव्हतं. तरीही आरोपाची ती ओळ मी पुसली, त्यांच्यासमोर बसून, त्यांना सांगून. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. टँकर आला की आता कमिटीतलं कोणीतरी झाकण उघडून आत बघतं. ग्रुप सोडलेल्या तिघींना मी फोन केले. दोघी परत आल्या. तिसरी म्हणाली, "सूचना तेवढ्या मला वेगळ्या पाठवत जा." पाठवते.

"तुमच्यावरच केस होईल," अशी भीतीही दाखवतात लोक. तर गोंदियातलं असंच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आलं होतं. सदस्याने एका महिलेबद्दल ग्रुपवर घाण भाषा वापरली, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. २०२१ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला: समान हेतू किंवा आधी आखलेला कट दिसत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही. तेव्हा दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोयही ॲडमिनच्या हातात नव्हती, ती २०२२ मध्ये आली. कायद्याने मी सुटते खरी, पण आमच्या ग्रुपवर कोणा बाईंबद्दल असं लिहिलं गेलं, तर रोज लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी मलाच उभं राहायचं असतं.

म्हणूनच एकाला मी मिनिटभरही ठेवलं नाही. हा ग्रुपवर कधी चकार शब्द काढायचा नाही. वाढदिवसाला हात जोडणार, इतका सज्जन. ग्रुपमधून एकीचा नंबर उचलून तिला रात्री-अपरात्री मेसेज करत होता. तिने मला दाखवलं, मी त्याला तिथल्या तिथे काढलं आणि का काढलं ते फोनवर सांगितलं. ग्रुपवर अवाक्षर नाही, कारण तिथे लिहिलं असतं तर चर्चा तिच्या नावाची झाली असती. तिला म्हटलं, स्क्रीनशॉट पुसू नकोस, आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. त्या माणसाबद्दल मला जिन्यात कोणीही कधीही विचारलेलं नाही.

काका आहेत तिथेच आहेत. आज सकाळी गुलाबानंतर लिफ्टमधल्या पंख्याबद्दल चार ओळी, शेवटी सात उद्गारचिन्हं. खाली जाऊन बघून आले. पंखा बंदच आहे. इलेक्ट्रिशियन पाचला येतो म्हणालाय.